क्रमांक एक, वाटा अनेक : संगणकाला दूरध्वनी फिरविण्यास कसे शिकवितात

दूरध्वनीचा क्रमांक ही एक गोष्ट, आणि तो मिळावा म्हणून फिरवावे लागणारे आकडे ही निराळी गोष्ट होय. नित्याच्या व्यवहारात हा भेद सहसा ध्यानात येत नाही. पुण्यातील एखाद्या घरचा दूरध्वनी घेऊ. शेजारच्या पेठेतून तो लावावयाचा तर आठ आकडे पुरतात. नागपुराहून लावणारा त्याआधी ० आणि २० हे आकडे फिरवितो. लंडनहून लावणाऱ्यास आधी ००, मग भारताचा ९१, मग पुण्याचा २० असे फिरवावे लागते. न्यूयॉर्कहून ०० चालत नाहीत. तेथे त्यांच्या जागी ०११ लागतात. आणि यांपैकी कोणी घरून न लावता कचेरीतून लावीत असेल, तर या सर्वांच्या आधी ‘बाहेरची लाइन’ मिळवून देणारा एक आकडा, भारतात बहुधा ० आणि अमेरिकेत बहुधा ९, फिरवावा लागतो. घर एकच, क्रमांकही एकच. वाटा मात्र लावणारा जेथे बसला असेल तेथून निघतात.

माणसाच्या हे सारे अंगवळणी पडलेले असते. परगावी गेल्यावर तो एकदा कोणाला तरी विचारतो आणि पुढे बोटेच आपले काम करतात. संगणकाचे तसे नाही. आपण कोठे आहोत हेच मुळी त्याला ठाऊक नसते. ते त्याला सांगावे लागते, एकेका आकड्याचा अर्थ समजावून द्यावा लागतो, आणि परिस्थिती बदलली की पुन्हा समजावून द्यावा लागतो. ही मांडणी चुकली तर बहुतेक वेळा काय होते? भलत्याच घरची घंटा वाजते, किंवा नुसतीच गुणगुण ऐकू येते. परंतु क्वचित प्रसंगी त्याची किंमत फार मोठी पडलेली आहे. ती का पडली हे कळण्यासाठी दूरध्वनी-केंद्र आकडे कसे ‘ऐकते’ हे प्रथम पाहिले पाहिजे.

तबकडीचे ठोके

माणसाच्या मध्यस्थीवाचून दूरध्वनी जोडण्याची पहिली यशस्वी युक्ती अमेरिकेतील अल्मन स्ट्रोजर या गृहस्थांची. कॅन्सस सिटी या शहरी अंत्यविधीची व्यवस्था पाहण्याचा त्यांचा व्यवसाय होता. केंद्रात बसणारी बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते असा संशय येऊन त्यांनी ही खटपट आरंभिली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, १८९१ साली त्यांना एकस्व मिळाले, आणि ३ नोव्हेंबर १८९२ रोजी इंडियाना राज्यातील ला पोर्ट गावी असे पहिले केंद्र सुरू झाले. बोटाने फिरविण्याची तबकडी त्यानंतर चार वर्षांनी त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली.

तबकडी परत फिरताना तारेतील विद्युत्-प्रवाह क्षणोक्षणी तुटतो. १ फिरविला तर एकदा, ५ फिरविला तर पाच वेळा, आणि ० फिरविला तर दहा वेळा. सामान्यतः सेकंदाला दहा ठोके पडतात. म्हणजे एकट्या शून्यास पुरा एक सेकंद लागतो. केंद्रातील यंत्र हे ठोके मोजून तेवढ्या पायऱ्या चढते. सर्व देशांत ही मोजणी सारखीच असेल असे कोणासही वाटेल. पण तसे नव्हते. न्यूझीलंडमध्ये तबकडीवरील आकडे उलट्या क्रमाने छापलेले असत. तेथे १ फिरविला की नऊ ठोके पडत. लंडनमध्ये १९३७ साली संकटकाळासाठी ९९९ हा क्रमांक ठरला. न्यूझीलंडने त्यासाठी १११ ठरविला. कागदावर हे दोन क्रमांक निरनिराळे दिसतात. तारेवर मात्र दोन्हीकडे नऊ-नऊ ठोक्यांचे तेच तीन झुबके जात. छापील आकडा हा सत्य नव्हे, तारेवरून जाणारा संकेत हे सत्य, याचे याहून सुबक उदाहरण सापडणे कठीण.

भारतात स्वयंचलित केंद्र १९१३-१४ साली सिमल्यास उभे राहिले; पण एका गावाहून दुसऱ्या गावी थेट क्रमांक फिरविण्याची सोय १९६० साली, कानपूर व लखनौ या दोन शहरांमध्ये, प्रथम झाली. त्यापूर्वी ट्रंक कॉल नोंदवून वाट पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसे. परगावासाठी आरंभी ० का फिरवितात, याचे उत्तर यंत्राच्या स्वभावात आहे. दूरध्वनी-केंद्र पूर्ण क्रमांक ऐकून घेऊन मग विचार करीत नाही. सांगणे पुरे होण्याआधीच, पहिल्या शब्दावर उठून चालू लागणाऱ्या गड्यासारखे ते वागते. पहिला आकडा ० आला की हा संदेश गावाबाहेरचा, एवढे त्यास कळते आणि ते त्या वाटेला लागते. म्हणूनच गावातील कोणताही क्रमांक शून्याने सुरू होणार नाही अशी दक्षता घ्यावी लागते. या गड्याचा उतावळेपणा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याच्याशी पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

ठोक्यांच्या जागी सूर आले ते १९६३ साली. त्या वर्षी अमेरिकेतील बेल कंपनीने पेनसिल्व्हेनियातील दोन गावी बटणांचे दूरध्वनी ग्राहकांस दिले. यात प्रत्येक बटण दाबताच दोन सूर एकदम वाजतात, एक खालच्या गटातील व एक वरच्या. १ साठी सेकंदाला ६९७ आणि १२०९ कंपने, ५ साठी ७७० आणि १३३६. दोनच का, असा प्रश्न साहजिक आहे. एकच सूर ठेवला असता तर बोलणाऱ्याच्या आवाजातून किंवा जवळ वाजणाऱ्या गाण्यातून तो चुकून उमटण्याचा संभव होता. नेमके हे दोन सूर एकत्र येणे मात्र फारच दुर्मिळ.

मोडेमची भाषा

संगणक दूरध्वनी लावू लागला तो मोडेम या पेटीच्या द्वारे. डेनिस हेज आणि डेल हेदरिंग्टन या दोघांनी १९८१ साली ‘स्मार्टमोडेम’ विक्रीस आणला. सेकंदाला ३०० बिट हा त्याचा वेग आज हास्यास्पद वाटेल. पण त्याचे खरे महत्त्व वेगात नव्हते. ज्या तारेने संगणक मजकूर पाठवी, त्याच तारेने तो मोडेमला आज्ञाही देऊ शके. आज्ञेच्या आरंभी ‘लक्ष दे’ या अर्थाची ‘एटी’ ही दोन अक्षरे. मग ‘डी’ म्हणजे क्रमांक फिरव. त्यापुढे ‘टी’ असेल तर सुरांनी, ‘पी’ असेल तर ठोक्यांनी. आणि शेवटी आकडे. ही भाषा इतकी सोयीची ठरली की इतर कारखानदारांनीही तीच उचलली. पुढे कित्येक वर्षे जगातील बहुतेक मोडेम हीच बोली बोलत होते.

या बोलीत आकड्यांइतकेच विरामाला महत्त्व होते. कचेरीतून ९ फिरविला की बाहेरची लाइन मिळण्यास क्षणभर लागतो. माणूस कान देऊन थांबतो. यंत्र थांबत नाही. म्हणून आकड्यांच्या मध्ये स्वल्पविराम लिहावा लागे. एका स्वल्पविरामाचा अर्थ साधारणपणे दोन सेकंद थांब. हा अवधी मोडेमच्या आठव्या खान्यात साठविलेला असे व तो बदलता येई. ‘डब्ल्यू’ हे अक्षर लिहिले तर मोडेम ठरावीक काळ न थांबता डायल-टोन पुन्हा ऐकू येईपर्यंत थांबे. व्याकरणात स्वल्पविराम गाळला तर वाक्य फार तर अडखळते. येथे तो गाळला तर पहिले दोन-तीन आकडे हवेत विरून जात आणि उरलेल्या आकड्यांचा भलताच क्रमांक तयार होई.

दुसरी अडचण त्या टोनचीच. प्रत्येक देशात, किंबहुना प्रत्येक कचेरीच्या खाजगी केंद्रात, डायल-टोनचा सूर निराळा. अमेरिकी कानाच्या मोडेमला इतर ठिकाणचा सूर ओळखू येत नसे. लाइन ठीक असताही तो ‘नो डायलटोन’ असे उत्तर देऊन स्वस्थ बसे. त्यावर उपाय म्हणजे ‘एक्स ३’ ही आज्ञा : टोनची वाट पाहू नकोस, आंधळेपणाने फिरव. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले, तेव्हा घरोघरी हेच मोडेम आले. मोडेमच्या कानाला डायल-टोन पटेना, तेव्हा ही चार-पाच अक्षरे मांडणीच्या खिडकीत भरणे हाच इलाज असे.

कोष्टकातील भूगोल

आरंभीच्या आज्ञावलींत वापरणारा स्वतःच सारे आकडे, स्वल्पविरामांसह, लिहून ठेवी. घरच्या मेजावरील संगणकाला ते पुरे होते. पण पिशवीत मावणारे संगणक आले आणि ही पद्धत कोसळली. कचेरीत बरोबर असलेली यादी उतारगृहात चूक ठरू लागली.

मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल या कंपन्यांनी १९९३ साली दूरध्वनीसाठी जी जोडणी-व्यवस्था मांडली व जी पुढे विंडोज ९५ मध्ये अंगभूत झाली, तिने या प्रश्नाचा मुळापासून विचार केला. तिचे सूत्र असे की, यादीत फक्त क्रमांक ठेवावा, वाट ठेवू नये. क्रमांक नेहमी पूर्ण रूपात लिहावा : आधी अधिक-चिन्ह, मग देशाचा अंक, मग कंसात विभागाचा अंक, मग ग्राहकाचा क्रमांक. आंतरराष्ट्रीय संकेताप्रमाणे असा पूर्ण क्रमांक, चिन्ह सोडून, पंधरा आकड्यांहून मोठा असत नाही. दुसऱ्या बाजूस ‘ठिकाण’ नावाचे एक कोष्टक असे. संगणक कोणत्या देशात आहे, कोणत्या विभागात आहे, बाहेरच्या लाइनसाठी कोणता आकडा लागतो, परगावासाठी कोणता, ठोके की सूर, हे त्यात भरावयाचे. एकाच संगणकावर ‘घर’, ‘कचेरी’, ‘मुंबईचे उतारगृह’ अशी अनेक ठिकाणे नोंदविता येत.

मग काम सोपे होई. समजा, यादीत +१ (२०६) ५५५-०१०० हा सिॲटल शहरातील, केवळ उदाहरणादाखल राखून ठेवलेल्या प्रकारचा, क्रमांक आहे. दिल्लीतील घर हे ठिकाण निवडले असेल, तर आज्ञावली देश निराळा असल्याचे पाहते, अधिक-चिन्हाच्या जागी ०० घालते आणि पुढचे सारे आकडे जसेच्या तसे फिरविते. न्यूयॉर्कमधील कचेरी निवडली असेल, तर देश एकच, विभाग निराळा. म्हणून ९, स्वल्पविराम, १, २०६ आणि पुढचे सात. अधिक-चिन्हाचा खरा अर्थ येथे स्पष्ट होतो. ते फिरविण्याचे चिन्ह नव्हेच. ‘तू जेथे असशील तेथून देशाबाहेर पडण्याची जी वाट असेल ती येथे घाल’ अशी ती सूचना होय.

कोष्टक एकदा नीट भरले की ते कायमचे झाले, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. देश आपल्या क्रमांकांची रचना बदलीत असतात. ब्रिटनने १६ एप्रिल १९९५ रोजी विभागांच्या अंकांत शून्यानंतर १ घातला आणि देशाबाहेरचा ०१० बदलून ०० केला. फ्रान्समधील क्रमांक १८ ऑक्टोबर १९९६ पासून आठाचे दहा आकडी झाले. सर्वांत बोधप्रद प्रकार अमेरिकेतला. तेथे १९४७ च्या योजनेप्रमाणे विभागाच्या तीन आकड्यांतला मधला आकडा नेहमी ० किंवा १ असे. जवळजवळ अर्धशतक ही गोष्ट इतकी पक्की होती की कचेऱ्यांतील खाजगी केंद्रांच्या आज्ञावलींत ती सृष्टिनियमासारखी कोरली गेली. १९९५ च्या जानेवारीत अलाबामा राज्यात ३३४ आणि वॉशिंग्टन राज्यात ३६० हे नवे विभाग आले. मध्ये ३ आणि ६! जुनी खाजगी केंद्रे हे क्रमांक स्वीकारीनात. तेथील लोकांचे दूरध्वनी ठाकठीक होते. पण देशभरच्या अनेक कचेऱ्यांतून त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट एका जुन्या गृहीतकाने अडविली होती.

भारतातही १५ जानेवारी २०२१ पासून घरगुती दूरध्वनीवरून कोणत्याही मोबाइलला लावताना आधी ० फिरविणे आवश्यक झाले. एवढ्या एका शून्याने भविष्यकाळासाठी सुमारे २५४ कोटी नवे क्रमांक मोकळे होतात, असे त्या वेळी सांगण्यात आले. सामान्य ग्राहकाने ते दोन दिवसांत अंगवळणी पाडले असेल. परंतु आपोआप क्रमांक फिरविणाऱ्या प्रत्येक यंत्राचे कोष्टक कोणाला तरी उघडून दुरुस्त करावे लागले.

चार वेळा फिरविलेला क्रमांक

१९१३ सालच्या सिमल्यापासून शंभर वर्षांनी, डिसेंबर २०१३ मध्ये, अमेरिकेतील टेक्सस राज्यातल्या मार्शल या गावी एका उतारगृहात एका स्त्रीवर प्राणघातक हल्ला झाला. तिची नऊ वर्षांची मुलगी त्याच खोलीत होती. संकट आले की ९११ फिरवावे, हे तिला शिकविलेले होते, आणि तिने ते केले. एकदा नव्हे, चार वेळा. दूरध्वनी लागला नाही. खोलीतून बाहेरची लाइन मिळविण्यासाठी आधी आणखी एक ९ फिरवावा लागत होता. ती आई वाचली नाही.

येथे उतावळ्या गड्याची आठवण करावयास हवी. केंद्राच्या कोष्टकात ९ याचा अर्थ ‘बाहेर जा’ एवढाच लिहिलेला होता. पहिला ९ ऐकताच ते बाहेर निघाले, आणि मागे उरले ते ११. अशा दोन आकड्यांना बाहेर काहीच अर्थ नव्हता. आता प्रश्न असा की, ९११ हे तीन आकडे ओळखण्याची निराळी ओळ कोष्टकात घालणे अवघड होते काय? मुळीच नव्हते. अमेरिकेत विभागाचा कोणताही अंक ० किंवा १ ने सुरू होत नाही. म्हणून ९ फिरवून बाहेर पडलेल्या कोणत्याही खऱ्या क्रमांकाच्या आरंभी ११ येऊच शकत नाही. ९११ हा आकड्यांचा समूह कोष्टकात रिकामाच पडलेला होता. त्याला संकटकाळाची वाट जोडून दिल्याने दुसऱ्या कोणाची वाट अडली नसती. दोष यंत्राच्या शक्तीचा नव्हता. ती एक ओळ कोणी लिहिली नव्हती, इतकेच.

मुलीच्या आजोबांनी हा प्रश्न देशापुढे नेला. मृत स्त्रीच्या नावाने ओळखला जाणारा ‘करीचा कायदा’ १६ फेब्रुवारी २०१८ रोजी मंजूर झाला. त्यानुसार १६ फेब्रुवारी २०२० नंतर अमेरिकेत तयार होणाऱ्या, विकल्या जाणाऱ्या अथवा बसविल्या जाणाऱ्या अनेक-वाहिनी दूरध्वनी-व्यवस्थेत कोणताही पूर्वांक न लावता ९११ थेट लागले पाहिजे, आणि तो लागताच इमारतीच्या स्वागत-कक्षास अथवा पहारेकऱ्यास तशी सूचना गेली पाहिजे.

ही ओळ घातल्यावर उलट बाजूची अडचण उभी राहते, हेही सांगितले पाहिजे. बाहेरच्या लाइनसाठी ९, परगावासाठी १, आणि बोट चुकून १ वर दोनदा पडले की थेट संकट-केंद्राची घंटा. यासाठी अनेक कचेऱ्यांनी बाहेरच्या लाइनचा आकडाच ९ ऐवजी ८ किंवा ७ केला. भारतीय वाचकांस याहून जवळचे एक उदाहरण आहे. दिल्लीच्या कोणत्याही घरगुती क्रमांकाचे पूर्ण रूप +९१ ११ असे सुरू होते. अमेरिकेतील एखाद्या आज्ञावलीने अधिक-चिन्ह नुसते गाळले आणि त्याच्या जागी ०११ घातले नाहीत, तर तारेवर जाणारे पहिले तीन आकडे ९११ होत. दिल्लीतील आप्तांशी बोलू इच्छिणाऱ्याचा संदेश तो स्वतः अमेरिकेत जेथे असेल तेथील संकट-केंद्राच्या दारी जाऊन उभा राहील!

आणि गंमत अशी की, ०११ हे तीन आकडे भारतात दिल्लीचे, तर अमेरिकेत देशाबाहेर पडण्याचे. भारतातील ज्या कचेरीत बाहेरच्या लाइनसाठी ० लागतो, तेथून दिल्लीतील २ ने सुरू होणारा क्रमांक लावताना दोन शून्ये हवीत, एक कचेरीचे व एक परगावाचे. आज्ञावलीत कचेरीचे शून्य भरावयाचे राहिले, तर खाजगी केंद्र परगावाचेच शून्य आपले समजून गिळून टाकते. बाहेर जातात ते ११२... आणि ११२ हा तर भारताचा संकटकालीन क्रमांक. तसेच कचेरीतील ज्या माणसाला खरोखरच मदत हवी आहे त्याने नुसते ११२ फिरविले, तर केंद्राच्या कोष्टकात ती ओळ असल्यावाचून ते आकडे बाहेर जाणारच नाहीत. कदाचित ११२ क्रमांकाच्या खोलीतील घंटा वाजेल. ज्या शाळेत वा ग्रंथालयात असे खाजगी केंद्र आहे, तेथील व्यवस्थापकांनी आपल्या कोष्टकात ही ओळ आहे की नाही हे केंद्र बसविणाऱ्यास एकदा विचारून घ्यावे; ती घालण्यास काही मिनिटेच लागतात.

मोडेमची किणकिण आता ऐकू येत नाही, आणि मेजावरचा संगणक स्वतःच दूरध्वनी होऊन बसला आहे. बोलणे इंटरनेटवरून जाते. क्रमांक टिचकीसरशी लागतो. तथापि पडद्याआड कोष्टक आहेच. अधिक-चिन्हाचा अर्थ लावावाच लागतो, आणि ‘ठिकाण’ या जुन्या रकान्याला तर नवेच महत्त्व आले आहे. तार भिंतीत जाई तेव्हा तारेवरूनच घर ओळखता येत असे. पिशवीतून नेता येणाऱ्या संगणकावरून आलेली हाक कोठून आली हे संकट-केंद्रास कसे कळावे? अमेरिकेत ६ जानेवारी २०२२ पासून अशा फिरत्या साधनांनीही ९११ बरोबर आपले ठिकाण कळविले पाहिजे असा नियम लागू झाला. जेथे ते आपोआप कळणे शक्य नसते तेथे वापरणाऱ्याने नोंदविलेला पत्ताच पुढे पाठविला जातो, आणि बिऱ्हाड बदलले की तो त्याने स्वतः मांडणीच्या खिडकीत जाऊन बदलावा लागतो.